टेलरच्या तळ्यातल्या माद्या

टेलर मत्स्यबीज केंद्राच्या फाटकातून सायकल ढकलत आत आला, तेव्हा त्याच्या पॅंटचा एक पाय कमरेपर्यंत भिजला होता आणि हँडलला अडकवलेली बादली निम्मी सांडली होती. तो सरळ निवडीच्या शेडमध्ये शिरला आणि बादली त्याने लांब टेबलावर, काकूंच्या पुढ्यात ठेवली.

"बघा," तो म्हणाला. "तुमच्या हातचे नर. पिल्लं झालीत त्यांना."

शेडमध्ये आठ बायका होत्या. कुणी पाणी बदलत होतं, कुणी जाळ्या धूत होतं. सगळ्यांचे हात थांबले. काकूंनी बादलीत वाकून पाहिलं. आत काहीतरी गढूळ, हलतं असं होतं. एवढंच त्यांना दिसलं.

"पाणी केवढं घाण आणलंय," त्या म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या त्यांच्या सुनेने बादलीत हात घातला आणि ओंजळ वर काढली. ओंजळीत काही जिऱ्याएवढी, काही बोटाच्या पेराएवढी पंधरावीस पिल्लं तडफडत होती. तिने ओंजळ परत बादलीत सोडली.

चिलापी माशाची गोष्टच तशी असते. मादी चार महिन्यांची झाली की पिल्लं काढायला लागते आणि मग थांबत नाही. तळं छोटं असेल तर बघता बघता पिल्लांनी भरून जातं, टाकलेलं खाणं तीच फस्त करतात आणि मोठा मासा मोठा व्हायचाच राहतो. म्हणून घरामागे लहान तळं करणाऱ्यांना फक्त नर हवे असतात. दुसऱ्या केंद्रांवर पिल्लांना औषध घातलेलं खाणं देऊन सगळ्यांचेच नर करतात. इथे मात्र निवड हाताने व्हायची. मासा हाताच्या पंजाएवढा झाला की उताणा धरायचा, शेपटीकडच्या बाजूला जो बारीक उंचवटा असतो त्याच्यावर निळ्या शाईचं बोट फिरवायचं आणि बघायचं. मध्ये केसाएवढी आडवी रेघ उमटली तर मादी, नाही उमटली तर नर. मादी डाव्या टबात, नर उजव्या. दिवसाला दीड हजार मासे. काकू हे अठरा वर्षं करत होत्या. आजूबाजूच्या गावांतले लोक बीज न्यायला यायचे ते "काकूंनी निवडलेलं आहे ना?" असं विचारूनच.

मालक ऑफिसातून बाहेर आले. बुटके, घाबरट स्वभावाचे. पाणी जरा हिरवं झालं तरी त्यांना रात्रभर झोप लागायची नाही. टेलरने त्यांना सगळं ऐकवलं. बाराशे नर नेले होते. चार महिने वेळेवर खाणं घातलं. आज जाळं ओढलं तर नेले त्यापेक्षा दोन बोटंच मोठे झालेले मासे, आणि पिल्लं तर मोजायची सोयच नाही.

"शर्ट शिवायला घेतला आणि झबलं झालं, अशी गत झाली माझी," टेलर म्हणाला. "रेडिमेडमुळे शिलाई संपली. म्हटलं हे तरी बरं चालेल."

"कालव्यातून बाहेरची चिलापी आली असेल," काकू म्हणाल्या.

"दुहेरी जाळी लावलीय तोंडाला. स्वतः शिवलीय मी. टाका मोजून घ्या."

मालकांनी कपाळाचा घाम पुसला. "काकूंच्या हातून असं होणार नाही. अठरा वर्षांत एक तक्रार नाही." मग त्यांची नजर सुनेवर गेली. "तुझा हात होता ना गं त्या मालात? गेल्या हंगामात बसायला लागलीस तू."

सुनेने सासूकडे पाहिलं. त्या मालातले निम्मेसुद्धा नाहीत, फार तर दोनशे मासे तिच्या हाताखालून गेले होते, आणि तेही काकूंनी एकेक पुन्हा हातात घेऊन उजव्या टबात टाकले होते. हे दोघींनाच माहीत होतं.

काकूंच्या घशाशी शब्द आला होता. आठ बायका बघत होत्या. टेलर बघत होता. काकूंनी खाली टबाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नवीन आहे ती. शिकेल हळूहळू."

किती सांभाळून घेतल्यासारखं वाटलं ते! दोघीतिघींनी माना पण हलवल्या. सुनेचा चेहरा तेवढा कानापर्यंत लाल झाला.

"शिकायला लोकांची तळी नाहीत," मालक म्हणाले. "उद्यापासून तू टाक्या घासायला जा. टेलरभाऊ, तुमचं तळं आमची माणसं येऊन रिकामं करून देतील. दुसरे बाराशे नर तुम्हाला मी भरून देतो. निवडतील एकट्या काकू. कालव्याचं पाणी अजून नऊ दिवस आहे, त्याच्या आत तळं भरून घेऊ. झालं?"

टेलरने मान हलवली. जाताना त्याने बादली तिथेच ठेवली.

काकूंचे डोळे काही एका दिवसात गेले नव्हते. वर्षभरापूर्वी दिव्याभोवती धुकट कडं दिसायला लागलं. मग उन्हात सगळं पांढरं आणि सावलीत सगळं करडं. टेबलाच्या मधल्या जागेवरून त्या उजेडाच्या टोकाला सरकल्या. म्हणाल्या, मधे पाय अवघडतात. बाजारातून तयार चष्मा आणला आणि एकदा घरी मोरीत दार लावून, भाजीच्या पिशवीतून आणलेला मासा हातात धरून लावून बघितला. धुकं ते धुकंच, फक्त मोठं झालेलं. तेव्हापासून चष्मा पेटीच्या तळाशी होता. डॉक्टरकडे गेलं तर डोळ्यात पडदा आलाय म्हणेल, ऑपरेशन म्हणेल, महिना पाण्यात हात घालू नका म्हणेल. आणि महिन्याने परत आलं तर जागा राहील?

शिवाय हात होता. बोटालाच कळतं, असं त्या स्वतःला सांगत. अठरा वर्षं झाली, डोळे मिटूनसुद्धा सांगेन. नराचा उंचवटा जरा टोकदार लागतो, मादीचा बोथट. दहातले नऊ बरोबर यायचे. दहावा कुठे जायचा ते त्या मनात येऊ देत नसत.

दुसऱ्या दिवसापासून सून टाक्यांत उतरली. सिमेंटच्या रिकाम्या टाकीत गुडघ्यावर बसून, तारेच्या ब्रशने भिंतीवरचं शेवाळ खरवडायचं काम. चुन्याच्या पाण्याने संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांची टोकं सोलून निघायची. शेडमधून काकूंना तो ब्रशचा आवाज ऐकू यायचा. खर्रर्र, खर्रर्र. थांबला की त्यांना वाटायचं आता ती येऊन सगळ्यांसमोर बोलणार. पण आवाज पुन्हा सुरू व्हायचा.

घरी सून जेवण वाढायची, "आई, बसा" म्हणायची, भांडी घासायची. ट्रकवर असलेल्या नवऱ्याचा फोन आला तर त्याच्याशी हसून बोलायची. एवढंच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ओट्यापाशी हाताला खोबरेल तेल चोळत उभी होती. काकू पीठ चाळत होत्या.

"आई, आज मादीच्या टबात अकरा नर होते," ती म्हणाली. "पाणी बदलायला मला बोलावलं होतं. दिसले, म्हणून काढून ठेवले."

काकूंचा चाळणीवरचा हात थांबला. "कुणी बघितलं?"

"कुणी नाही."

"मग झालं."

"नराच्या टबात माद्या किती गेल्या ते नाही बघता आलं," सून म्हणाली. "त्या बाजूला मला येऊ देत नाहीत."

काकूंनी चाळणी जोरात हलवली. पीठ परातीबाहेर सांडलं. "गर्दी होती आज. घाईघाईत एखादा इकडचा तिकडे होतो."

"हो," सून म्हणाली आणि तेलाची बाटली जागेवर ठेवून आत गेली.

पाचव्या दिवशी टेलरचं तळं रिकामं करायला तिघं गेली: काकू, सून आणि काकूंचे यजमान. यजमान बीजकेंद्रावर पंप चालवायचे. सगळे त्यांना पंपवालेच म्हणत, आणि पंपासारखेच ते एकदा सुरू झाले की बंद व्हायचे नाहीत. पण त्या सकाळी तेही गप्प होते. डिझेल पंप धडधडायला लागला. तळ्याचं पाणी टेलरच्या घरामागच्या चरातून वाहू लागलं. दुपारपर्यंत पाणी गुडघ्याखाली आलं आणि तळ्याच्या पोटात जणू काहीतरी उकळतंय असं दिसायला लागलं. मासेच मासे. सगळे एका मापाचे, बारके, डोकं मोठं आणि अंग वाळलेलं.

तिघं चिखलात उतरली. टेलर आणि त्याची बायको काठावरून घमेली देत होती. उन्हाने चिखलाला वास सुटला होता. काट्यांनी हात टोचत होते. काकूंचा पाय दोनदा रुतला. दुसऱ्यांदा त्या कोपरापर्यंत चिखलात गेल्या आणि यजमानांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

एक मासा त्यांच्या हाताला जड लागला. इतरांपेक्षा भरलेला. त्यांनी तो सवयीने उताणा केला, अंगठ्याने दाबला. त्याबरोबर माशाने तोंड उघडलं आणि काकूंच्या तळहातावर काहीतरी सांडलं. ओलं, बारीक, वळवळणारं. चिलापीची मादी पिल्लांना तोंडात घेऊन सांभाळते. जिवावर बेतलं की सोडून देते. काकूंनी तळहात डोळ्यांजवळ आणला. मग लांब नेला. काही दिसेना. पण हाताला सगळं कळत होतं. शंभर तरी असतील. बोटांच्या बेचक्यांतून ती खाली चिखलात गळून पडत होती, आणि काकू हात तसाच धरून उभ्या होत्या.

"काकू," काठावरून टेलर हळूच म्हणाला. तो जवळच, घमेलं घेऊन वाकला होता. "हात लांब करून बघताय."

"उन्हाची तिरीप येते."

"मीही असंच म्हणायचो. सुई अशी लांब धरायचो आणि बायकोला म्हणायचो, दोराच वाईट आलाय यंदा. सहा महिने दोऱ्याला शिव्या घातल्या मी. एकाच्या शर्टाचं काज पार खिशावर केलं, तेव्हा कुठे गेलो डोळे दाखवायला."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच काकूंना ते सोसेना. तोंडावर थुंकला असता तर बरं वाटलं असतं.

"घमेलं भरलंय, उचला," त्या म्हणाल्या.

मागे सून उभी होती. तिने ऐकलं होतं. तिने वाकून घमेल्याची एक कड धरली आणि टेलरबरोबर ते वर चढवलं.

संध्याकाळी यजमान ओसरीवर पाय धूत बसले होते. काकू त्यांच्या पायावर पाणी ओतत होत्या. पोटऱ्यांवरचा चिखल वाळून पापुद्र्यासारखा निघत होता.

"टेलर काय म्हणत होता?" यजमानांनी विचारलं.

"काही नाही. दोऱ्याचं काहीतरी."

यजमान थोडा वेळ पाय चोळत राहिले. "तू धान्य निवडतेस ना, त्यात खडे राहतात गं," ते म्हणाले. "चार महिने झाले. दाताखाली आला की मी ताटाखाली ठेवतो. सून ताटं उचलते, ती टाकून देते. आमचं दोघांचं ठरलेलंच आहे तसं."

काकूंच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी अंगणात गेलं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो." ते उठले, पाय झटकले. "खडा मी खाऊन टाकीन. पण त्या पोरीच्या बोटांची सालं गेलीत, ती काही मला खाता येत नाहीत."

काकू तिथेच पायरीवर बसून राहिल्या. त्यांना आठवत होतं ते लग्नानंतर पहिल्यांदा सून शेडमध्ये आली तेव्हाचं. निळी शाई तिने स्वतःच्याच नाकाला लावून घेतली होती आणि सगळ्या बायका हसल्या होत्या. महिन्याभरात मात्र तिचा हात काकूंपेक्षा जलद पडायला लागला. त्या दिवशी काकूंना बरं वाटलं नव्हतं. तेव्हा तर त्यांचे डोळे चांगले होते, तरीही वाटलं नव्हतं. पुन्हा एकेक मासा हातात घेऊन बघण्याची पद्धत त्यांनी तेव्हापासूनच सुरू केली होती. हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि सांगण्यासारखंही नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी टेम्पो फाटकात उभा होता. मागच्या टाकीत हवेचे बुडबुडे सुटत होते. दोन माणसं उजव्या टबातले नर जाळीने उचलून टाकीत सोडत होती. मालक हातात चिठ्ठी घेऊन मोजत होते. बाया आपापल्या कामाला लागल्या होत्या. टाक्यांकडून ब्रशचा आवाज येत होता.

"नऊशे वीस, नऊशे चाळीस," मालक म्हणाले.

"मालक, गाडी सोडू नका," काकू म्हणाल्या.

"का? पाणी गरम लागतंय का?"

"पाणी ठीक आहे. मालच ठीक नाही." त्यांनी टेबलाची कड धरली. "यात माद्या आहेत. किती आहेत ते मला सांगता येणार नाही. मला दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. वर्ष झालं. रेघ दिसत नाही, तुमचं तोंडसुद्धा नीट दिसत नाही इथून." आवाज चिरकला तरी त्यांनी तो खाली येऊ दिला नाही. तिकडे टाकी घासणाऱ्या सुनेला ऐकू जायला हवा होता. "टेलरच्या तळ्यात गेल्या त्या माद्या माझ्या हातच्या. माझ्या सुनेचा त्यात दोष नव्हता. तिने निवडलेले मीच परत बघितले होते, आणि मीच टबात टाकले होते. मी खोटं बोलले."

ब्रशचा आवाज थांबला.

मालकांच्या हातातली चिठ्ठी खाली आली. ते ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते टेम्पोच्या फळीवर बसले. "वर्षभर," ते म्हणाले. "वर्षभरात आणखी सात जणांनी माल नेलाय काकू. तुमचं नाव घेऊन नेलाय. त्यांना मी काय सांगू? उद्या सगळे बादल्या घेऊन येतील."

"मी येते तुमच्याबरोबर सगळ्यांकडे," काकू म्हणाल्या.

"तुम्ही येऊन काय, तळी भरून येणार आहेत?" मालकांचा आवाज आता चढला. "डॉक्टरकडे जायला कुणी धरलं होतं का तुम्हाला? मी नाही म्हणालो असतो?" मग त्यांनी टेम्पोकडे बघितलं. नऊशे चाळीस मासे टाकीत होते, आणि कालव्याला दोन दिवस उरले होते. त्यांनी हाक मारली, "ए, त्या सुनेला बोलवा. हात धू म्हणावं आणि बस म्हणावं टेबलाला."

सून आली. कोपरापर्यंत हिरवी, केसांत चुना. टेबलाजवळ आली, पण बसली नाही.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललात," ती मालकांना म्हणाली. "शिकायला लोकांची तळी नाहीत म्हणालात."

"अगं, मला काय माहीत होतं?"

"माहीत नव्हतं तरी बोललात."

मालकांनी इकडेतिकडे बघितलं. आठ बायका पुन्हा थांबल्या होत्या. "चुकलं माझं," ते म्हणाले, जरा पुटपुटत. मग कुणीतरी खोकलं, म्हणून मोठ्याने म्हणाले, "चुकलं. बस आता."

ती बसली. काकूंची जागा उजेडाच्या टोकाला होती. तिने स्टूल ओढून मधे घेतलं. टाकीतले मासे पुन्हा खाली आले. काकूंना कुणी काही काम सांगितलं नाही. त्यांनी आपणहून बादली उचलली आणि टबातलं पाणी बदलायला लागल्या. नळापासून टेबलापर्यंत, टेबलापासून नळापर्यंत. त्यांच्या अठरा वर्षांत पाणी त्यांना नेहमी दुसऱ्या कुणीतरी आणून दिलं होतं.

डाव्या टबात मासा पडला की डुबुक असा आवाज यायचा. प्रत्येक आवाज काकूंना ऐकू येत होता. सून तोंडाने आकडे म्हणत नव्हती. दुपारी तीनपर्यंत बाराशे झाले. मालकांनी डावा टब मोजून घेतला.

"एकाहत्तर," ते म्हणाले.

सुनेने दुसऱ्या हौदातून आणखी एकाहत्तर नर निवडून माल पुरा केला आणि टेम्पो गेला. काकूंनी रिकाम्या बादल्या पालथ्या घातल्या. पदराला हात पुसून मालकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"उद्या येऊ का?"

मालक चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून त्या सात जणांच्या चिठ्ठ्या शोधत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "उद्या डॉक्टरकडे जा," ते म्हणाले. "मग बघू."

घरी जाताना दोघी कालव्याच्या काठाने निघाल्या. यजमान पंप आवरायला मागे राहिले होते. सून चार पावलं पुढे चालत होती. ऊन उतरलं होतं आणि पाण्यावरून येणारी चकाकी काकूंच्या डोळ्यांत घुसत होती. त्यांना पुढे फक्त एक उभी सावली हलताना दिसत होती, तिच्याच मागे त्या पाय टाकत होत्या.

"माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या.

सावली थांबली नाही.

"सगळ्यांसमोर सांगितलं. आता तूही काहीतरी बोल."

"सगळ्यांसमोर सांगितलंत ते बरं झालं," सून वळून न बघता म्हणाली. "पण मी सात दिवस त्या टाकीत होते, आई. रोज वाटायचं, आज बोलाल. आज बोलाल. आत्ता लगेच मला काही वाटत नाहीये. वाटेल तेव्हा बोलेन."

काकूंनी मान हलवली. ती पुढच्या पाठीला दिसणार नाही हे लक्षात आलं, तेव्हा "बरं" म्हणाल्या.

दोघी चालत राहिल्या. कालव्याचं पाणी अर्ध्यावर आलं होतं, आणि उघड्या पडलेल्या भिंतीवर ओल्या शेवाळाची रेघ वाळत चालली होती. काठ वळतो तिथे सुनेची पावलं मंदावली. चार पावलांचं अंतर दोनावर आलं. तिने हात पुढे केला नाही, मागेही बघितलं नाही.

"पुढे पाइप आडवा टाकलाय," ती म्हणाली. "पाय उचलून टाका."

काकूंनी पाय उचलला.